मापाची मोटारसायकल

तुळजापूर,
सोमवार, सकाळ.

तीर्थरूप गोपाळकृष्णदादांच्या पायांशी धाकट्या शामलेचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समजा. खरोखर वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील, अशी कालपासून कंबरेची गत आहे. कारण पुढं येईलच.) इकडं आम्ही दोघी आत्या-भाची खुशाल आहोत. तिकडं सोलापुरात तुम्ही, वहिनी आणि तुमचं रक्तदाब मोजायचं यंत्र असे तिघंही खुशाल असाल अशी आशा आहे. वहिनींना खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळायला सांगा. तुम्ही भैरवीला फोनवर सांगता की रोज सकाळी लांबवर फिरून येतो. वहिनी मला सांगतात की तुम्ही गेटापर्यंत जाता, दूधवाल्याशी भांडता आणि घाम पुसत परत येता. व्यायाम दोन्हींत होतो, तेव्हा त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आता हल्ली पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण दादा, फोनवर तुम्हाला काही सांगायची सोय उरलेली नाही. 'मोटार' म्हणेपर्यंत तुम्ही ऐकता आणि 'सायकल' म्हणायच्या आत फोन ठेवता. कागदाचं तसं नाही. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस कागद अर्धा वाचून खाली ठेवू शकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही तर भजी बांधून आलेला कागदसुद्धा तेल टिपून शेवटपर्यंत वाचता आणि खाली सही नाही म्हणून कुरकुरता. शिवाय दिवाळीत माझ्याच ओसरीवर बसून तुम्ही बापलेकीनं जो करार केला, त्याला साक्षीदार म्हणून तुम्ही मलाच नेमलं होतं. भैरवीनं बांधलेली गाडी नळदुर्गच्या शर्यतीत पंचांनी पास केली, तर तिनं आणखी एक वर्ष माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या बांधायच्या. नापास झाली, तर सोमवारी सोलापूरला येऊन तुमच्या ओळखीच्या पतसंस्थेत मुकाट्यानं खुर्ची धरायची. तिनं शब्द दिला, तुम्ही घेतला, आणि मला म्हणालात, शामले, तू स्वतः जा, डोळ्यांनी बघ आणि काय झालं ते खरं खरं कळव. तर ही माझी जबानी. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, आणि मध्येच विषय सोडून बोलेन, कारण तो माझा स्वभाव आहे.

आधी तुमचा एक गैरसमज काढते. भैरवी 'कस्टम' गाड्या बांधते म्हटल्यावर तुम्ही मला फोनवर दबक्या आवाजात विचारलंत, की आपल्या घराण्यात कस्टमचा माल? कुठल्या बंदरावर पकडलेला? पोलिसात काही नोंद? दादा, अहो, ते कस्टम निराळं आणि हे निराळं. (तुमचा दोष नाही. मीही पहिले काही दिवस शेडला आतून कडी घालत होते आणि कुणी ओळख नसलेला माणूस दारात आला की भैरवी देवळात गेली आहे म्हणून सांगत होते. तो बिचारा वीजमीटर बघायला आलेला असायचा.) या कस्टमचा अर्थ एवढाच, की मापाची. बाजारातनं तयार ब्लाउज घेतला तर काखेत आवळतो आणि गळ्यापाशी लोंबतो. शिंप्याकडं माप दिलं की अंगासरशी बसतो. तसंच हे. ज्याची गाडी, त्याच्या मापानं बांधायची. चोरी नाही, तस्करी नाही. शिवणकाम आहे, फक्त कापडाच्या जागी लोखंड.

मापावरून आठवलं. मागं संक्रांतीच्या सुमाराला भैरवी टेप घेऊन आली आणि म्हणाली, आत्या, तुला ब्लाउज शिवायचाय, माप दे. मी हात वर केले. तिनं खांदा घेतला, हाताची लांबी घेतली, इथवर ठीक होतं. मग ती खाली बसली आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत माप घेऊ लागली. म्हटलं, अगं, कसला ब्लाउज शिवतेस? तर म्हणे, नवीन फॅशन आहे. मग मला स्टुलावर बसवून, हात पुढं करायला लावून, मुठी आवळायला लावून मापं घेतली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पिढ्यानपिढ्यांची पोरं शहाणी केली, पण मला संशय म्हणून आला नाही. पुढं कितीतरी दिवस मी त्या ब्लाउजची वाट बघत होते.

शनिवारी सकाळी टेम्पोत गाडी घातली आणि निघालो. भैरवी, मी, धपाट्यांचा डबा, शेंगाचटणीची बरणी, दह्याचं मडकं आणि राजस. हा राजस धाराशिवचा, भैरवीबरोबर कॉलेजात होता, गाडी चालवण्यात तरबेज आणि अंगानं विजेच्या खांबासारखा. (चष्मा खाली करा दादा. तसं काही नाही. त्याचं लग्न नांदेडच्या मुलीशी ठरलं आहे, मी पत्रिकेचा नमुनासुद्धा बघितला, त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या काढून दिल्या.) मापाच्या गाड्यांच्या गटात नियम असा, की बांधणाऱ्यानं स्वतः चालवायची नाही, दुसऱ्या कुणी रिंगणात एक फेरी मारून दाखवायची आणि पंचांनी बघून पास-नापास ठरवायचं. म्हणून राजस.

जागा म्हणाल तर नळदुर्गच्या अलीकडं, हायवे सोडून आत, बंडप्पा नावाच्या शेतकऱ्याचा माळ. गवताचं पातं नाही. त्यावर धुळीचं भलंमोठं गोल रिंगण आखलेलं, भोवती जुने टायर रचलेले. या गोलात सगळ्यांनी जिवाच्या आकांतानं फिरायचं आणि जिथून निघाला तिथं जो सगळ्यांच्या आधी परत येतो, तो जिंकला. (जिथून निघायचं तिथंच यायचं असेल तर निघायचं कशाला, असं मी राजसला विचारलं. तो पाणी प्यायला गेला.) आवाज म्हणजे काय सांगू! कानात कापूस घातला, त्यावर पदर गुंडाळला, तरी दातांत कळ जात होती. हैदराबाद, बेंगळूर, पुणे, कुठनं कुठनं पोरं आलेली. केस वाढवलेली, अंगभर गोंदवलेली, एकाच्या दंडावर तर सबंध नंदी. पहिल्यांदा मी जरा अंग चोरूनच बसले होते. पण दुपारी डबा उघडला आणि चित्र पालटलं. नंदीवाला पोरगा लाजत लाजत विचारायला आला की आंटी, वो लाल चटनी और है क्या. संध्याकाळपर्यंत मी सगळ्या माळाची आत्या झाले होते.

रविवारी फेरी होती. राजसनं अंगात तो चामड्याचा पोशाख चढवला, गुडघ्यांना प्लास्टिकच्या वाट्या बांधल्या आणि गाडीवर बसायला गेला, तर बसेना. घरी साध्या पँटीवर कसाबसा मावत होता. आता वाट्या बांधल्यावर गुडघा वाकेना, आणि जबरदस्तीनं वाकवला की थेट हॅण्डलवर आपटे. त्यानं पाय पसरून बघितले, मागं सरकून बघितलं, आडवासुद्धा झाला. पंच म्हणाले, वाट्यांशिवाय रिंगणात सोडणार नाही. मी भैरवीवर डाफरले, अगं, एवढं शिकलीस, तुला राजस दिसला नाही का? कुणाच्या मापाची बांधलीस ही गाडी? भैरवी माझ्याकडं बघत राहिली. मग मी गाडीकडं नीट बघितलं. सीट बुटकी. मधला दांडा खाली वाकवलेला, साडी नेसून चढता येईल असा. चाकाला पदर गुंतू नये म्हणून जाळी. पायातला ब्रेक काढून दोन्ही ब्रेक हातात दिलेले, कारण उजवा गुडघा दुखतो, तो कुणाचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दादा, माझा ब्लाउज तिथं उभा होता.

मी खूप वर्षं मोपेडवर शाळेत गेले आहे, लायसन दर वेळी नेमानं वाढवून घेतलं आहे, तेव्हा पंचांना परवानगी द्यावीच लागली. राजसचं जाकीट साडीवर चढवलं (बाह्या माझ्या हातापुढं वीतभर लोंबत होत्या, त्या दुमडल्या), नंदीवाल्यानं गुडघ्यांना वाट्या बांधून दिल्या, डोक्यात हेल्मेट कोंबलं. हेल्मेटच्या आत चष्मा, चष्म्याच्या आत वाफ. राजस म्हणाला, आत्या, काही करू नका, फक्त पुढच्याच्या मागं मागं जा. मी सगळ्यांत शेवटी होते. झेंडा पडला, पाच गाड्या धूळ उडवत गेल्या, आणि त्या कुठल्या बाजूला गेल्या हे मला दिसलंच नाही. धूळ खाली बसली तेव्हा मला दिसला तो म्हसोबा.

होय, रिंगणाच्या मधोमध, कडुलिंबाखाली, शेंदूर फासलेला बंडप्पाचा म्हसोबा. आदल्या दिवशी गर्दीत दिसला नव्हता. मी तिथल्या तिथं हात जोडले, आणि जोडून निघाले. आता इथून पुढं जे घडलं त्याला मी जबाबदार नाही. रोज सकाळी देवळात प्रदक्षिणा घालून या पायांना एकच वळण लागलेलं आहे. मध्ये देव आणि भोवती वाट म्हटल्यावर देव उजव्या हाताला ठेवायचा, यात विचार करण्यासारखं काय आहे? (आणि मला हे शिकवलं कुणी? लहानपणी देवळात उलटी निघाले की माझी वेणी धरून मला सुलटं फिरवणारे कोण होते? ते आज सोलापुरात राहतात.) मला काय माहीत की या शर्यतवाल्यांची रीतच देवाला डावं घालून पळायची आहे!

पण दादा, ती अर्धी फेरी! आता लपवत नाही, लई मजा आली. जन्मभर मला कुठली वस्तू अंगासरशी मिळाली नाही हो. शाळेतली खुर्ची उंच, पाय अधांतरी. फळा उंच, वरच्या ओळी पोरांकडून लिहून घ्यायच्या. एसटीची पायरी उंच, कंडक्टरनं हात द्यायचा आणि मागच्यांनी हसायचं. आणि इथं दोन्ही पाय टाचेसकट जमिनीला टेकलेले, हात जिथं पोचावा तिथंच मूठ. मी मुठीचा कान पिळला आणि गाडी निघाली, आणि मला वाटलं, अरे, हे असं असतं होय! ज्यांना सगळं मापाचं मिळतं त्यांना रोज असं वाटत असेल, तर ती माणसं एवढी तोंडं पाडून का हिंडतात? कापसातून, हेल्मेटातून भोंग्याचा आवाज येत होता, अम्मा! अम्मा! पोरं टायरांवर चढून लाल झेंडे हलवत होती. म्हटलं, किती हा उत्साह! मीही एक हात सोडून सगळ्यांना नमस्कार करत चालले होते. भोंगेवाला हैदराबादचा होता आणि तो 'अम्मा, उल्टे जा रै आप, रुको अम्मा' असं ओरडत होता, हे मला मागाहून कळलं.

वळणावर समोरून पाच गाड्या आल्या. मला वाटलं, यांचं काहीतरी चुकलं. मी दोन्ही हातांचे ब्रेक दाबले, डोळे मिटले आणि भवानीआईचं नाव घेतलं. डोळे उघडले तर मी उभी. भुसभुशीत मातीत गाडी एक इंच इकडंतिकडं न होता जागच्या जागी थांबली होती, माझे दोन्ही पाय जमिनीवर, पदर खांद्यावर. बाकीच्यांपैकी तिघं बाजूनं गेले आणि दोघं टायरांत जाऊन बसले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, त्यातला एक तर नंदीवालाच होता, तो टायरातनं हसतच उठला. मुख्य पंच मात्र हसत नव्हते. ते बेंगळूरचे, इस्त्रीची पँट, त्यावर आता सगळी धूळ. पळत आले आणि इंग्रजीत म्हणाले, डिस्क्वालिफाय. भैरवीची गाडी बाद. मी म्हटलं, साहेब, देवाला उलटी प्रदक्षिणा तुम्ही घालायला लावणार आणि बाद मला करणार? त्यांना मराठी येत नव्हतं, आणि मला थांबता येत नव्हतं.

एवढ्यात माळाचा धनी बंडप्पा गर्दीतनं वाट काढत आला. पटका काढून हातात घेतला आणि म्हणाला, आक्का, सकाळधरनं माज्या जिवाला घोर लागलाय बगा, सगळेच्या सगळे देवाला डावं घालून पळतेत, आन् मला बोलायला तोंड न्हाय, जागा दिलीय म्हणून. झालं! नळदुर्गच्या आसपासचा सगळा गाव शर्यत बघायला आलेला. त्यांनी आक्काचं बरोबर हाय म्हणून गलका केला. पंच म्हणाले, जगभर ही शर्यत याच बाजूनं पळतात. बंडप्पा म्हणाला, जगात पळू द्या, जगाच्या मधी माजा म्हसोबा न्हाय. शेवटी तोड बंडप्पानंच काढली. जेवढे डावे फेरे पळाल, तेवढे उजवे फेरे घालून फेडायचे, मग देवाचा राग न्हाय. पंचांनी कपाळाला हात लावला आणि कबूल केलं. त्यामुळं काल नळदुर्गच्या माळावर असं दृश्य होतं दादा, की आधी सगळी पोरं जीव खाऊन डावीकडनं पळायची आणि मग जिंकलेला, हरलेला, सगळे रांगेनं, सावकाश, हेल्मेट काढून, उजव्या फेऱ्या फेडायचे. नंदीवाला तर हात जोडूनच चालवायला बघत होता, पण ते जमण्यासारखं नव्हतं. आणि या सगळ्यांच्या पुढं कोण? बंडप्पानं हट्ट धरला, की आक्का पुढं. शर्यतीत मी बाद होते, पण फेडण्यात कुणाची हरकत नव्हती. कंबर गेली ती तिथंच.

दिवसभर मी मिरवत होते आणि भैरवी टेम्पोच्या मागं एका टायरवर बसून होती, हे मला उशिरा दिसलं. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं, निदान रागावता तरी आलं असतं. म्हटलं, भैरवी, आपण पंचांना पुन्हा विनवू, ते ऐकतील. म्हणाली, नको आत्या. बाबांना शब्द दिलाय. गाडी नापास झाली, उद्या जायचं. गाडी नापास झाली नव्हती हो, मी झाले होते. पण हा फरक तिनं तुमच्यासमोर काढला नसता. तुमचीच लेक ती, शब्दाला खिळ्यासारखी चिकटलेली. दादा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका म्हातारीच्या सवयीपायी पोरीचं वर्ष मातीत गेलं, आणि ती म्हातारी तिच्याच गाडीवर बसून लोकांचे नमस्कार घेत होती.

तेवढ्यात तिथं कोंडिबा आला. हा बंडप्पाच्या शेजारच्या वस्तीवरचा, मिशा पिकलेला माणूस. लहानपणी ताप येऊन एक पाय वाळलेला, काठीवर चालतो. फेऱ्या फेडताना त्यानं मला गाडीवर बघितलं होतं. तो गाडीभोवती काठी टेकत फिरला, सीटवर तळहात ठेवून बघितला, आणि मला न विचारता भैरवीला विचारलं, बाई, माज्या मापाची हुईल का वं? जन्मभर भावाच्या मागं बसून हिंडलोय. भावाला येळ आसंल तवा बाजार, भावाला येळ आसंल तवा दवाखाना. भैरवीनं मान वर केली. खिशातनं टेप काढला. त्याला पालथ्या खोक्यावर बसवलं आणि आधी चांगला पाय मोजला, मग वाळलेला, तेवढ्याच निवांतपणे. कुठं दुखतं, कुठवर वळतो, काठी कुठं ठेवणार, सगळं विचारलं. मी तिला ती लंगडी खेळत होती तेव्हापासून बघते आहे. हा चेहरा मी आधी बघितला नव्हता. आणि मग तिला आठवलं. टेप गुंडाळत म्हणाली, काका, मी उद्यापासून सोलापूरला नोकरीला चाललेय. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून बांधून घ्या, ही मापं त्याला द्या. कोंडिबा रागावला नाही. तो एवढंच म्हणाला, दुसरं कोन माज्या पायाचं माप घेतंय वं बाई?

मग त्याच्या मागं खेड्यापाड्यांतनं फिरणारी एक नर्सबाई उभी राहिली, ती माझ्याएवढीच बुटकी. तिच्या मागं आणखी कुणी. भैरवीनं सगळ्यांना तेच सांगितलं, आणि तरी सगळ्यांची मापं घेतली.

तर अशी ही हकीकत. साक्षीदार म्हणून मी कुणाची बाजू घेत नाही. करार करार असतो. गाडी बाद झाली, भैरवीनं शब्द दिला होता, ती तो पाळणार, आणि यात माझं काही एक म्हणणं नाही. पतसंस्थेची खुर्ची चांगली असते, वर पंखा असतो. वहिनींना नमस्कार, शेजारच्यांना आशीर्वाद, दूधवाल्याला सहानुभूती कळवावी.

तुमची धाकटी आणि आज्ञाधारक बहीण,
शामला

ता.क. : सोबत वहिनींसाठी मेतकूट पाठवलं आहे. तुम्ही चमच्यानं नुसतं खाऊ नका.

ता.क. २ : माझं काही म्हणणं नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. माझं म्हणणं आहे. दादा, पोरीला शब्दातून मोकळं करा. ती स्वतः कधी मागणार नाही, म्हणून मी मागते. जन्मात तुमच्याकडं काही मागितलं असेल तर हेच समजा. चुकलं ते माझं. शिक्षा करायची तर पतसंस्थेत मला बसवा, मी बेरजा तिच्यापेक्षा बऱ्या करते.

ता.क. ३ : हे पत्र पोस्टानं आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. जी समोर उभी आहे तिला आधी बस म्हणा. हातातली पिशवी घ्या, त्यात मेतकूट आणि तिचे ऑफिसात जायचे कपडे आहेत. पत्रात काय आहे ते तिला ठाऊक नाही. मी सांगितलंय की घरपट्टीबद्दल आहे. तेव्हा वाचताना चेहरा घरपट्टीचाच ठेवा.

ता.क. ४ : आता हळूच गॅलरीत या आणि खाली बघा. गेटापाशी राजसचं जाकीट आणि हेल्मेट घातलेलं जे बुटकं माणूस दूधवाल्याशी बोलत असेल, ते मी. तुळजापूरहून इथवर माझ्या मापाच्या त्याच गाडीवरनं मीच आणलं हो तिला, ती मागं बसली होती. वर यायचा धीर झाला नाही. म्हसोबाला भ्याले नाही, पंचाला भ्याले नाही, तुम्हाला भिते. तो लहानपणापासूनचा रोग आहे. काही बोलू नका, नुसता हात वर करा, म्हणजे शब्द परत दिला असं समजेन आणि वर येऊन जेवून तिला मागं बसवून घेऊन जाईन. हात नाही केलात तरी वर येऊन जेवीन, आणि एकटी जाईन. पण मग कोंडिबाच्या घरी जाऊन, ती का आली नाही, ते तुम्ही सांगायचं. मला जमणार नाही.